पूर, प्लूटो आणि दीर्घिकेभोवतीचा वायू

६ मे २०२५ला माझी एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा झाली. त्या रात्री दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं कॉम्प्युटरचं मशीन बंद केलं, तर सासूबाई झोपेतून उठून बाहेर आल्या. "लाईट गेली का गं?" वर्षभर त्या पंख्याच्या घरघरीत घर झोपत होतं, तेव्हा शांततेनंच त्यांना जाग आली.

मी बडोद्याची, कारेलीबागेत राहते. दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. २००४मध्ये बी.एस्सी. झाले आणि मग एकोणीस वर्षं पदार्थविज्ञानाशी संबंध कमाटी बागेतल्या तारांगणात मुलीला नेण्यापुरता. २०२३च्या जुलैत एका खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला. लघुप्रबंधाचा विषय निवडला तो दीर्घिकांभोवतालच्या वायूचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर गणितानं उभी केलेली नक्कल. आजूबाजूला हे केलेलं कुणी नव्हतं आणि इंटरनेटवर सापडायचं ते पोहोचलेल्या लोकांनी पोहोचलेल्यांसाठी लिहिलेलं. म्हणून हे लिहितेय.

पहिला महिना खगोलशास्त्रात नाही, आडनावात गेला. आमच्याकडच्या मार्कशीटवर गुजराती पद्धतीनं आडनाव पहिलं, तेही माहेरचं. आधारवर नाव पहिलं, आडनाव सासरचं. खिडकीतल्या माणसाच्या मते या दोन वेगळ्या बायका. विवाहनोंदणीचा दाखला, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, त्याच्या तीन झेरॉक्स, सगळे मिळून साडेचारशे रुपये आणि चार खेपा. लग्नानंतर शिकायला परत जाणाऱ्या बायकांनी हे प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या आधीच करून ठेवावं, आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात सोडू नये. माझी एक तिथेच राहिली, ती आजतागायत.

मार्गदर्शक मिळाले ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. पहिल्याच भेटीत त्यांनी फळ्यावर एक ठिपका काढला आणि त्याच्याभोवती फळाभर वर्तुळ. "ठिपका म्हणजे तारे दिसतात ती दीर्घिका. बाकीचा फळा तुमचा."

तो फळा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्या आकाशगंगेभोवती साधारण अडीचशे किलोपार्सेकपर्यंत (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) वायू पसरलेला आहे, म्हणजे आठ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. तो इतका विरळ की एका लिटरमध्ये जेमतेम एखादा अणू. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणा, दोन्हींत मिळून एक. बाहेर गेलात की तोही नाही. तापमान मात्र दहा लाख अंशांच्या घरात. १९५६मध्ये खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी हा तर्क मांडला होता. आकाशगंगेच्या तबकडीच्या बऱ्याच वर वायूचे ढग दिसत होते. बाहेरून कशाचा तरी दाब असल्याशिवाय ते टिकणार कसे, हा त्यांचा प्रश्न. नुसत्या डोळ्यानं, दुर्बिणीनंही हा वायू सहसा दिसत नाही. त्याच्या मागे लांबवर क्वेसार (अतिशय तेजस्वी दीर्घिकाकेंद्र) असेल तर त्याच्या उजेडाच्या वर्णपटात या वायूनं खाल्लेल्या काळ्या रेषा तेवढ्या दिसतात. २००९मध्ये हबल अवकाश दुर्बिणीवर नवा वर्णपटमापक बसवला, तेव्हापासून अशा रेषा भरभरून मिळायला लागल्या. आणि मजा अशी की या दहा लाख अंशांच्या वायूत दहा हजार अंशांचे थंड ढगही आहेत. ते तिथे टिकतात कसे? सरांनी मला दिलेला प्रश्न एवढाच होता.

जानेवारी २०२४मध्ये सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या आकड्यांपासून. इलस्ट्रिस-टीएनजी नावाचं मोठं सिम्युलेशन आहे. त्याचा डेटा डिसेंबर २०१८पासून खुला व्हायला लागला, फुकट. नाव, संस्था आणि दोन ओळींत कारण लिहून खातं मागायचं. मला दुसऱ्या दिवशी मंजुरीची मेल आली. बडोद्यातल्या कुठल्याही खिडकीपेक्षा लवकर, आणि आडनावही विचारलं नाही! अख्खा डेटा उतरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यातल्या टीएनजी-१०० या एका पेटीचा एका क्षणाचा संच दीड टेराबाइटहून मोठा आहे. एकाच दीर्घिकेपुरता तुकडा कापून मागता येतो, तो आपल्या घरगुती इंटरनेटला झेपतो.

पहिल्या चित्रात माझ्या दीर्घिकेचं तापमान एका अंशाचा दहाहजारावा भाग आलं. विश्वातली सगळ्यात थंड गोष्ट मी कारेलीबागेत शोधली होती. त्यांच्या फाइलीत ऊर्जा किलोमीटर प्रतिसेकंदाच्या वर्गात असते, मी सेंटीमीटर धरले होते. एक लाखाचा वर्ग, म्हणजे एकावर दहा शून्यं. पोरांना मी रोज ओरडते, "एकक लिहा, एकक लिहा." मार्चमध्ये दुसरी दीर्घिका घेतली तर ती चक्क अर्धीच निघाली. डावी बाजू झकास, उजवीकडे काळोख. दोन दिवस मी हे काहीतरी थोर सापडलंय असं समजून होते, सरांना रात्री अकराला फोटोही पाठवला. त्यांचं उत्तर: "मॅडम, पेटीची भिंत." ही सिम्युलेशनं एका पेटीत होतात आणि पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलेलं डाव्या भिंतीतून आत येतं. पेटीची बाजू त्यांच्या एककात ७५,०००, आणि माझी दीर्घिका बरोबर कडेवर बसलेली. उरलेली अर्धी पेटीच्या त्या टोकाला होती. दोन बिंदूंतलं अंतर अर्ध्या पेटीहून जास्त आलं तर पेटीची लांबी वजा करायची, दोन ओळींचं काम.

पण या मोठ्या सिम्युलेशनमध्ये माझा ढग मावतच नव्हता. सिम्युलेशनमध्ये सगळी जागा लहान लहान घरांच्या जाळीत वाटलेली असते, आणि तिथे दीर्घिकेपासून लांब, विरळ वायूत एका घराची बाजू काही हजार पार्सेक भरते. माझा ढग शंभर पार्सेक त्रिज्येचा. पंचायतीच्या नकाशावर पोळपाट शोधण्यासारखं. २०१९च्या सुमारास काही गटांनी याच जागी मुद्दाम बारीक जाळी लावून पाहिली आणि थंड वायूचे तुकडे जास्त नि लहान दिसायला लागले. म्हणजे आधी दिसत होतं त्यात निसर्ग किती आणि जाळी किती, हा प्रश्न आलाच. सर म्हणाले, अख्खी दीर्घिका सोडा, एक ढग घ्या, त्याच्यावर गरम वारा सोडा आणि घरी करा.

घरी म्हणजे खरंच घरी. विद्यापीठातल्या संगणक प्रयोगशाळेला सहा वाजता कुलूप लागतं. मोठ्या संगणकावर वेळ मागायला अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस आणि प्रकल्पाचा क्रमांक लागतो. एम.एस्सी.च्या मुलीला (मुलीला!) प्रकल्पाचा क्रमांक कुठून असणार? मे महिन्यात शिकवणीच्या पैशांतून मशीन जुळवलं: आठ कोअर, ३२ जीबी रॅम, दोन टेराबाइटची डिस्क, एकूण ६८ हजार. जुळवून देणाऱ्या भाईंनी विचारलं, "बेन, छोकरा माटे? गेम रमशे?" ग्राफिक्स कार्ड नको म्हटल्यावर त्यांना माझी दया आली. बडोद्याच्या मेमध्ये ते दुपारी दोनला तापून आपोआप बंद पडायचं. बाजूचं पत्र्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला आणि मोठ्या धावा (सिम्युलेशन एकदा चालवलं की एक धाव) पावसाळ्यावर ढकलल्या. हा निर्णय पुढे महागात पडला.

वापरला तो प्लूटो नावाचा कोड. इटलीत तोरिनोला तयार झालेला, फुकट मिळतो, आणि आपल्याकडेही या विषयात वापरला जातो. लिनक्सवर बसवायला एक रविवार गेला. आधी नळीतल्या आघातलहरीचं नेहमीचं उदाहरण चालवून पाहा, उत्तर पुस्तकातलं असतं, एका सेकंदात कळतं की मशीन शुद्धीवर आहे.

मग माझी मांडणी. पेटी ८०० बाय ८०० बाय ३२०० पार्सेक. आत शंभर पार्सेक त्रिज्येचा ढग, दहा हजार अंशांचा. बाहेर दहा लाख अंशांचा वारा, शंभरपट विरळ, वेग सेकंदाला १५० किलोमीटर. अशा वाऱ्यात ढगाच्या चिंध्या व्हायला साधारण ६५ लाख वर्षं लागतात. हिशेब सोपा आहे: घनतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ गुणिले त्रिज्या भागिले वेग. मी त्याच्या दहापट चालवायचं ठरवलं, साडेसहा कोटी वर्षं. मुलगी म्हणाली, "म्हणजे डायनासोर गेले तिथपासून आजपर्यंत?" जवळजवळ तेवढंच.

तर्क असा की वारा ढगाला फाडतो, पण फाटलेला थंड वायू गरम वायूत मिसळतो तेव्हा मधलं, लाखभर अंशांचं मिश्रण होतं, आणि नेमकं त्या तापमानाला वायू सगळ्यात भराभर उष्णता फेकतो. ढग पुरेसा मोठा असेल तर मिश्रण फाटण्याच्या आधी थंड होतं आणि ढगालाच चिकटतं. कणकेचा गोळा कोरड्या पिठात घोळवला की पीठ घेऊन जाड होतो, तसं. ढग मरण्याऐवजी वाढतो. हे २०१८मध्ये ग्रोन्के आणि ओ या दोघा संशोधकांनी दाखवलेलं आहे, माझं काही नाही. मला ते माझ्या जाळीवर दिसतं का बघायचं होतं.

दिसलं नाही. उष्णता फेकण्याचं गणित चालू ठेवा की बंद, ढग तसाच मरायचा. जूनचे अठरा दिवस त्यात गेले. कोडमध्ये लांबीचं एकक आपण दिलं नाही तर तो पृथ्वी-सूर्य अंतर धरतो. मी ढगाची त्रिज्या १०० लिहिली होती, मनात पार्सेक. त्यानं शंभर खगोलीय एककांचा ढग केला, दोन लाख सहा हजार पट लहान. एवढासा ढग थंड व्हायच्या आतच फाटणार, बिचाऱ्याचा काय दोष. परत एककच. त्यानंतर मी एका वहीच्या पहिल्या पानावर लांबी, घनता आणि वेग ही तिन्ही एककं हातानं लिहिली आणि प्रत्येक धावेआधी त्या पानावर बोट ठेवून फाइल वाचायला लागले, सत्यनारायणाच्या पोथीसारखी.

एककं सुधारल्यावर ढग वाढायला लागला, पण शेवटी शेवटी पुन्हा घटायचा. तेही सरांनीच पकडलं. ढग वाऱ्याबरोबर वाहत जाऊन पेटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडत होता, म्हणजे मरत नव्हता, घर सोडून जात होता. पेटीच ढगाच्या वेगानं पळवायची, की तो मध्ये राहतो. ती सोय बसवायला जुलै गेला. त्याच महिन्यात विषय समितीपुढे दहा मिनिटांचं सादरीकरण झालं. तीन प्रती, प्रत्येकीवर दोन सह्या. समितीनं एकच दुरुस्ती सुचवली: शीर्षक लांब आहे.

आता खर्चाचा हिशेब. हा आधी कळला असता तर मी वेळापत्रक वेगळं आखलं असतं. ढगाच्या त्रिज्येत आठ घरं घेतली की पेटीत साडेदहा लाख घरं होतात. माझ्या मशीनवर ही धाव सव्वा तासात संपली. सोळा घरं घेतली तर? तिन्ही दिशांना दुप्पट म्हणजे आठपट घरं, आणि घर लहान झालं की काळाची पावलंही निम्मी टाकावी लागतात, नाहीतर एका पावलात वारा अख्खं घर ओलांडून जाईल. म्हणून सोळापट वेळ, वीस तास. बत्तीस घरांना आणखी सोळापट: ६ कोटी ७१ लाख घरं, तेरा दिवस आणि काही तास. वीज सुमारे ५८ युनिट, म्हणजे पाचशेच्या आत. पैशांचं काही नाही, तेरा दिवस सलग वीज हवी, हे खरं.

१४ ऑगस्टच्या रात्री जेवणं झाल्यावर बत्तीसची धाव सुरू केली. टेबलावर चिठ्ठी: हात लावू नये. डिस्क भरेल या भीतीनं मी एक शहाणपणा केला होता. प्लूटो दोन प्रकारच्या फाइली लिहितो, एक पूर्ण अचूकतेची, माझ्या बाबतीत सव्वातीन जीबीची, आणि एक निम्म्या आकाराची, चित्रं काढायला पुरते. मी पहिली बंद केली, फक्त दुसरी ठेवली. डिस्क वाचली म्हणून खूश.

२६ ऑगस्टला गोकुळाष्टमी. पाऊस आधीपासूनच थांबत नव्हता, आजवा धरणातून पाणी येतंय असे निरोप येत होते. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या दिवसांत ती ३५च्याही वर गेली. २७च्या पहाटे आमच्या जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या दिसेनाशा झाल्या. तळमजल्यावरच्या मासी, त्यांची सून, दोन नातवंडं, गॅसची शेगडी आणि देव्हारा, सगळं आमच्या पहिल्या मजल्यावर आलं. कुणीतरी म्हणालं, पाण्यात मगर दिसली. बडोद्यात हे कुणी थट्टेनं म्हणत नाही. पावणेपाचला लाईट गेली. यूपीएस दहा मिनिटं ओरडला. मी अंधारात पडद्यावरचा आकडा बघत होते: साडेसहा कोटींपैकी पाच कोटी नव्वद लाख वर्षं झाली होती. मासींचा धाकटा नातू विचारत होता, "आ शुं छे?" मी म्हटलं, "वादळ." मग पडदाही गेला.

वीज चौथ्या दिवशी आली. तोवर आठ माणसांची खिचडी, गाळ, भिजलेल्या गाद्या, यात ढगाची आठवण आली असं म्हटलं तर खोटं होईल. वीज आल्यावर निवांत मनानं मशीन लावलं, कारण शेवटच्या फाइलीपासून पुढे चालवता येतं हे मला ठाऊक होतं. चालवता येतं, पण फक्त पूर्ण अचूकतेच्या फाइलीवरून. त्याच मी बंद केल्या होत्या. बारा दिवसांच्या धावेतून उरली फक्त चित्रं.

रडले. मासी गाद्या वाळत घालत होत्या, त्यांना वाटलं पुरामुळे. मी तसंच वाटू दिलं.

तर, पुन्हा सुरू करता येईल अशी फाइल दर बारा तासांनी लिहायला लावा, शेवटच्या दोनच ठेवा, जुन्या आपोआप पुसणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. दोन फाइलींना साडेसहा जीबी लागतात, एवढंच. आणि मुद्दाम एकदा धाव मधेच तोडून, परत चालू होते का ते बघा. मी ही चाचणी सप्टेंबरमध्ये तीनदा केली. गणपती गेले, १८ सप्टेंबरला धाव पुन्हा सुरू झाली, मध्ये दोनदा लाईट गेली, प्रत्येक वेळी काही तास वाया, बस. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, संपली. बाहेर गरब्याचे ढोल चालू होते.

उत्तर असं आलं: ढग जगला आणि वाढला. सोळाच्या आणि बत्तीसच्या धावेत थंड वायूचं एकूण वस्तुमान जवळजवळ एकच. त्यावर मी विश्वास ठेवते. पण तुकडे मोजले तर आठला मोजके, सोळाला कित्येक पटींनी जास्त, बत्तीसला मोजताना स्क्रिप्टच दमली. सगळ्यात लहान तुकडा प्रत्येक वेळी एक-दोन घरांएवढाच. म्हणजे "ढगाचे तुकडे केवढे होतात" याचं माझं उत्तर जाळीचं होतं, ढगाचं नाही. पहिल्या मसुद्यात मी तुकड्यांच्या आकाराचा एक सुंदर आलेख टाकला होता. सरांनी तो काढायला सांगितला नाही, फक्त त्याच्यावर घराच्या आकाराची उभी रेघ मारायला सांगितली. रेघ मारली आणि आलेखाचं शिखर बरोबर तिच्या पायाशी निघालं. तो आलेख तसाच, रेघेसकट, प्रबंधात आहे.

लिहिण्याचं फार सांगत नाही. इंग्रजीत ६४ पानं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. साधर्म्य तपासणीत (दुसऱ्यांचा मजकूर उचललाय का ते बघतात) १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझं पहिल्यांदा १४ आलं, कारण संदर्भयादी वगळायची खूण ग्रंथालयात कुणी केलीच नव्हती. वाद न घालता नम्रपणे "संदर्भ वगळून एकदा बघाल का" विचारा. ६ आलं. ना-देय दाखल्यावर वसतिगृह, बस आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचीही सही लागते, तिथे कधी पाऊल टाकलं नसलं तरी. रसायनच्या बाईंनी मन लावून रजिस्टर तपासलं, माझ्या नावावर एकही चंबू नव्हता. रावपुऱ्यात चार प्रती बांधून घेतल्या, सोनेरी अक्षरांसकट अठराशे रुपये. कणा छापायच्या आधी नाव स्वतः वाचा. माझं आडनाव पहिलं छापणार होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, साठीच्या पुढचे, शांत. पूर, फाइली, काही विचारलं नाही. रेघेचा आलेख बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "बाई, याच बारकाईनं आपल्या आकाशगंगेचं अख्खं वलय, म्हणजे भोवतालचा सगळा वायू, करायचं तर तुमच्या घरच्या मशीनला किती वेळ लागेल? फळ्यावर करा."

शिकवणीची सवय कामी आली. वलयाची पेटी पाचशे किलोपार्सेकची. घर सव्वातीन पार्सेकहून जरा लहान. एका बाजूला एक लाख साठ हजार घरं. त्याचा घन भागिले सहा कोटी एकाहत्तर लाख, म्हणजे माझ्या पेटीच्या सहा कोटी पट. गुणिले तेरा दिवस. "बावीस लाख वर्षं, सर. रॅम पुरली असं धरून."

"आणि लाईट नाही गेली तर," मागून आमचे सर म्हणाले.

परीक्षक हसले. म्हणाले, देवयानी दीर्घिकेतून आत्ता निघालेला उजेड पोहोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात, त्याच्या आत उरकेल. मग त्यांनी सही केली, आणि सहीखाली तारीख घालायला माझंच पेन मागून घेतलं.